मीटरपासून मैलापर्यंत : मेट्रिक लांबी फूट, वार आणि फर्लांगात बिनचूक कशी मांडावी

मेट्रिक मापनपद्धतीचा कायदा भारतात १९५६ साली झाला आणि पुढच्या काही वर्षांत रस्त्यांवरचे मैलांचे दगड किलोमीटरचे झाले, कापडाच्या दुकानांत मीटरपट्टी आली, शाळेच्या पुस्तकांतून मैल-फर्लांगांची गणिते नाहीशी झाली. तरीही जुनी मापे व्यवहारातून गेलेली नाहीत. लग्नाच्या बायोडाटात उंची फूट-इंचांतच लिहिली जाते, सुतार इंच आणि सूत सांगतो, लुगडे नऊ वारांचे असते, जमिनीचा सौदा गुंठ्यांत होतो. जे मराठी कुटुंब ब्रिटनमध्ये राहायला जाते त्याला रस्त्यावरच्या पाट्या मैल आणि यार्डांत, म्हणजे वारांत, वाचाव्या लागतात, आणि अमेरिकेत तर घराच्या नकाशापासून महामार्गापर्यंत सगळीकडे हीच एकके भेटतात. त्यामुळे हातात मीटर, सेंटिमीटर किंवा किलोमीटरमधला आकडा आहे आणि तो जुन्या एककांत मांडायचा आहे, असा प्रसंग अनेकांना वारंवार येतो.

हे रूपांतर अवघड नाही, पण त्यात एक ठरावीक चूक फार मोठ्या प्रमाणावर होते, आणि ती गुणाकार-भागाकाराची नसून मांडणीची असते. मेट्रिक पद्धत सर्वत्र दहाच्या पटीत चालते. याउलट १२ इंचांचा फूट, ३ फुटांचा वार, २२ वारांची साखळी, १० साखळ्यांचा फर्लांग आणि ८ फर्लांगांचा मैल अशी जुन्या पद्धतीत प्रत्येक पायरीची पट वेगळी आहे. कॅल्क्युलेटर मात्र उत्तर नेहमी दशांशातच देतो. त्या दशांशाचे काय करायचे, हे नीट समजले की बाकीचे सगळे सोपे आहे.

एकच आकडा पाठ करावा

१ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. हा आकडा अंदाजे नाही, तो व्याख्येनेच तंतोतंत आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सहा देशांनी १९५९ साली वार म्हणजे ०.९१४४ मीटर असे एकमताने ठरवले. वाराचे ३६ इंच असल्यामुळे इंच आपोआप २५.४ मिलिमीटरचा झाला. त्यापूर्वी ब्रिटिश इंच आणि अमेरिकन इंच यांत अगदी सूक्ष्म फरक होता.

या एका आकड्यातून बाकीची सर्व एकके मिळतात, आणि तीही तंतोतंत. १२ इंचांचा फूट ०.३०४८ मीटर, ३ फुटांचा वार ०.९१४४ मीटर, २२ वारांची साखळी २०.११६८ मीटर, २२० वारांचा फर्लांग २०१.१६८ मीटर आणि १७६० वारांचा म्हणजेच ५२८० फुटांचा मैल १६०९.३४४ मीटर. यांतला एखादा आकडा विसरला तरी बिघडत नाही, कारण तो इंचावरून पुन्हा काढता येतो. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट किंवा १ किलोमीटर म्हणजे ०.६२ मैल हे उलट दिशेचे आकडे बहुतेकांच्या तोंडी असतात, पण ते कुठेतरी तोडलेले दशांश आहेत. म्हणून नेमके काम असेल तेव्हा ३.२८ ने गुणण्याऐवजी ०.३०४८ ने भागावे, असा माझा आग्रह आहे.

मुख्य रीत

रीत तीन पायऱ्यांची आहे. उत्तरात ज्या सर्वांत लहान एककापर्यंत जायचे आहे ते आधी ठरवावे आणि संपूर्ण लांबी एकदम त्या लहान एककात काढावी. मग त्याच जागी उत्तर जवळच्या पूर्णांकात आणावे. त्यानंतर वरच्या मोठ्या एककांकडे जाताना फक्त पूर्णांकांचा भागाकार करावा आणि प्रत्येक वेळी राहिलेली बाकी खालच्या एककात लिहावी. दशांशाचा संबंध पहिल्याच पायरीवर संपतो.

उंचीचे उदाहरण घेऊ. १६५ सेंटिमीटर उंची फूट-इंचांत लिहायची आहे. लहान एकक इंच, म्हणून १६५ ला २.५४ ने भागावे, ६४.९६ येतात, जवळचा पूर्णांक ६५. आता ६५ ला १२ ने भागले की भागाकार ५ आणि बाकी ५. उंची ५ फूट ५ इंच.

हेच गणित थेट फुटांत केले तर कॅल्क्युलेटर ५.४१ दाखवतो, आणि येथेच घोटाळा होतो. ५.४१ फूट म्हणजे ५ फूट ४ इंच असे समजून लिहून टाकणारे कितीतरी जण आहेत. दशांशचिन्हानंतरचा ४१ हा फुटाचा शंभरांशातला भाग आहे, इंचांची संख्या नाही. इंच हवे असतील तर ०.४१ ला १२ ने गुणावे लागते. १८० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे नुकसान याहून मोठे होते. त्याची उंची दशांशात ५.९१ फूट येते, ती ५ फूट ९ इंच अशी लिहिली जाते, आणि प्रत्यक्षात तो ५ फूट ११ इंच असतो. वधूवरांच्या नोंदींपासून वैद्यकीय तपासणीच्या कागदांपर्यंत ही चूक आढळते. ५.५ म्हणजे साडेपाच फूट, अर्थात ५ फूट ६ इंच, एवढे एक उदाहरण मनात पक्के ठेवले तरी ती टळते.

लहान एककावरच पूर्णांक करण्याचा आग्रह का, हे १८२.७ सेंटिमीटर या आकड्यावरून दिसेल. इंच काढले तर ७१.९३ येतात. कुणी आधी फूट वेगळे काढले तर ५ फूट आणि ११.९३ इंच अशी मांडणी होते, मग इंच पूर्णांकात आणले की ५ फूट १२ इंच असे अर्थहीन उत्तर तयार होते. संगणकावरच्या तक्त्यांत अशी उत्तरे छापलेली सापडतात. त्याऐवजी ७१.९३ चे आधी ७२ करावेत आणि मग १२ ने भागावे. सरळ ६ फूट मिळतात.

सुताराचे माप

सुतारकामात नुसता इंच पुरत नाही, तेथे सूत लागते. १ इंचाचे ८ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटरचे. रीत तीच, फक्त आता सर्वांत लहान एकक सूत आहे. समजा भिंतीची लांबी ३.४७ मीटर आहे आणि ती जुन्या मापाच्या कारागिराला सांगायची आहे. ३४७० मिलिमीटरला ३.१७५ ने भागले की १०९२.९ येतात, म्हणून १०९३ सूत. ८ ने भागल्यावर १३६ इंच आणि बाकी ५ सूत. १३६ ला १२ ने भागल्यावर ११ फूट आणि बाकी ४ इंच. भिंत ११ फूट ४ इंच ५ सूत. हे माप उलट फिरवून पाहिले तर ३४७०.३ मिलिमीटर येते, म्हणजे मूळ मापापासून अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. याहून बारीक काम असेल, उदाहरणार्थ कपाटाच्या खणात बसणारी फळी कापायची असेल, तर इंचाचे १६ भाग धरून हीच क्रिया करावी.

लोखंडी सळयांच्या बाबतीत मात्र या रीतीवर विसंबू नये. १२ मिलिमीटरच्या सळईला बाजारात चार सूत म्हणतात आणि १० मिलिमीटरच्या सळईला तीन सूत. चार सूत म्हणजे खरे तर १२.७ मिलिमीटर आणि तीन सूत ९.५ मिलिमीटर. ही व्यापारातली रूढ नावे आहेत. बांधकामाच्या हिशेबात सळईचा व्यास मिलिमीटरमध्येच लिहावा.

कापडाच्या बाबतीत वार आणि इंच एवढीच दोन एकके पुरतात. ८ मीटरचे लुगडे घेतले तर ते ३१५ इंच भरते. ३६ ने भागले की ८ वार आणि २७ इंच, अर्थात पावणेनऊ वार. पूर्ण नऊ वारांसाठी ८.२३ मीटर कापड लागते. ब्लाउजपीससह ६.३ मीटर लिहिलेली साडी ६ वार ३२ इंच भरते.

लांब अंतर

मैलांपर्यंत जायचे असेल तेव्हा इंचांपासून सुरुवात करण्याची गरज नसते, वारांपासून केली तरी चालते. मॅरेथॉनचे अंतर यासाठी उत्तम उदाहरण आहे, कारण ते मुळात जुन्या एककांतच ठरले होते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत जितकी लांब धावली गेली तेच अंतर पुढे कायम झाले आणि आज ते ४२.१९५ किलोमीटर असे लिहिले जाते. ४२,१९५ मीटरला ०.९१४४ ने भागले की ४६,१४५.०१ येतात, पूर्णांक ४६,१४५ वार. १७६० ने भागल्यावर २६ मैल आणि बाकी ३८५ वार. २६ मैल ३८५ वार हेच त्या शर्यतीचे मूळ अंतर. फर्लांग आणि साखळ्याही हव्या असतील तर ३८५ ला २२० ने भागावे, १ फर्लांग आणि बाकी १६५. १६५ ला २२ ने भागावे, ७ साखळ्या आणि बाकी ११ वार. म्हणजे २६ मैल, १ फर्लांग, ७ साखळ्या, ११ वार.

फर्लांग आता जवळजवळ फक्त घोड्यांच्या शर्यतींत उरला आहे. मुंबईत महालक्ष्मीला होणारी इंडियन डर्बी २४०० मीटरची असते आणि जुनी मंडळी तिला दीड मैलाची, म्हणजे बारा फर्लांगांची शर्यत म्हणतात. हिशेब केला तर २४०० मीटर म्हणजे २६२५ वार, अर्थात ११ फर्लांग २०५ वार. बारा फर्लांगांना ते सुमारे १५ वार कमी आहे. बोलताना हा फरक सोडून देता येतो. जुन्या आणि नव्या काळातील धावेच्या वेळा शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर मात्र तो सोडता येत नाही.

तोंडी अंदाज

कागद-पेन्सिल हाताशी नसते तेव्हा तीन सोपे नियम वापरता येतात. मीटरचे वार करताना मूळ आकड्यात त्याचा दहावा भाग मिळवावा. मीटरचे फूट करताना आधी तिप्पट करावी आणि त्या तिपटीचा दहावा भाग तीत मिळवावा. किलोमीटरचे मैल करताना पाचाने गुणून आठाने भागावे. या तिन्ही नियमांत सारखीच चूक आहे, आणि ती नेहमी एकाच दिशेची असते: उत्तर दर हजारी सुमारे सहाने जास्त येते. याचे कारण तिन्ही नियम मुळात एकच आहेत. किलोमीटरचे ११०० वार धरले तर तेच ३३०० फूट होतात आणि १७६० वारांच्या मैलाचा तो नेमका पाच-अष्टमांश भरतो. खरे वार १०९३.६ असतात. म्हणून तिन्ही ठिकाणी दुरुस्तीही एकच, आलेल्या उत्तरातून हजारी सहा वजा करणे.

कळसूबाईच्या शिखराची उंची १६४६ मीटर आहे. तिप्पट ४९३८, तिचा दहावा भाग ४९४, बेरीज ५४३२. हजारी सहाप्रमाणे ३३ वजा केले की ५३९९ फूट उरतात. भागाकाराने येणारे उत्तर ५४०० आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा, पाचाने गुणून आठाने भागले की ५९.०६, त्यातून ०.३५ वजा केले की ५८.७१ मैल, आणि नेमके उत्तर ५८.७२. गाडी चालवताना एवढी अचूकता भरपूर झाली.

किलोमीटरसाठी ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५ ही अंकमालिकाही उपयोगी पडते. यात प्रत्येक आकडा मागच्या दोहोंची बेरीज आहे, आणि शेजारच्या दोन आकड्यांचे गुणोत्तर मैल-किलोमीटरच्या गुणोत्तराच्या फार जवळ जाते. म्हणून ८ किलोमीटरचे ५ मैल, १३ चे ८, २१ चे १३. बोरीबंदर ते ठाणे हा १८५३ साली धावलेल्या पहिल्या आगगाडीचा मार्ग ३४ किलोमीटरचा सांगितला जातो. मालिकेतला आधीचा आकडा २१, आणि तो मार्ग तेव्हा २१ मैलांचाच म्हणून नोंदला गेला आहे.

साखळी कोणती, हे आधी विचारावे

जमिनीच्या कागदांत साखळी हे एकक आले तर गणिताला हात घालण्यापूर्वी ती किती फुटांची आहे हे शोधणे अत्यंत आवश्यक आहे. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० च्या सुमारास रूढ केलेली साखळी ६६ फुटांची आणि १०० कड्यांची. मैल-फर्लांगांच्या पायरीत बसते ती हीच. स्थापत्य अभियंत्यांची साखळी १०० फुटांची असे. महाराष्ट्रातील शंकू-साखळीच्या मोजणीत (शंकू म्हणजे शेतात काटकोन आखण्याचे साधन) वापरलेली साखळी मात्र ३३ फुटांची आणि १६ आण्यांची, म्हणजे १६ समान भागांची आहे. या साखळीने एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असलेला तुकडा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर.

शेताची एक बाजू फितीने ७४.५ मीटर भरली आणि जुन्या टिपणाशी ती पडताळायची आहे, असे समजू. ३३ फुटांची साखळी १०.०५८४ मीटरची, तिचा एक आणा ०.६२८६५ मीटरचा. ७४.५ ला त्याने भागले की ११८.५ आणे येतात. सोळाने भागल्यावर ७ साखळ्या आणि साडेसहा आणे. हीच बाजू गंटरच्या साखळीने ३ साखळ्या ७० कड्या भरते. साखळीची जात चुकली तर उत्तर थेट निम्मे किंवा दुप्पट होते, आणि हद्दीच्या वादात अशी चूक फार महागात पडते.

किती अंकांवर थांबावे

रूपांतराने मापाची अचूकता वाढत नाही. गावापासून धरण दोन किलोमीटरवर आहे असे कुणी सांगितले तर ते सव्वा मैलावर आहे असे लिहावे, १.२४२७ मैल लिहिणे चूक आहे, कारण मूळ सांगणाऱ्याने तेवढे बारीक काही मोजलेलेच नव्हते. मूळ आकडा जितका बारीक असेल त्याच्या जवळपासचेच एकक उत्तरात शेवटचे ठेवावे. सेंटिमीटरपर्यंत मोजले असेल तर इंचाच्या निम्म्यापर्यंत जाता येते, मिलिमीटरपर्यंत मोजले असेल तर सुतापर्यंत किंवा इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत.

याचीच दुसरी बाजू म्हणजे काही मेट्रिक आकडे स्वतःच जुन्या मापाचे पूर्णांकीकरण असतात, आणि ते ओळखता आले पाहिजेत. भारतीय रेल्वेचा रुंद मार्ग (ब्रॉडगेज) दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटरचा आहे. त्याचे इंच काढले तर ६५.९८ येतात, खरे माप ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६.४ मिलिमीटर. ७६२ मिलिमीटरचा अरुंद मार्ग तंतोतंत अडीच फुटांचा, आणि माथेरानच्या गाडीचा ६१० मिलिमीटरचा मार्ग दोन फुटांचा, जो काटेकोरपणे ६०९.६ येतो. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर लिहिली जाते आणि ती २२ वारांची, म्हणजे गंटरच्या एका साखळीएवढी आहे. भागाकाराचे उत्तर पूर्ण फुटाच्या किंवा वाराच्या अगदी जवळ आले आणि वस्तू जुन्या काळातली असली, तर ते पूर्ण मापच मूळ असण्याचा संभव मोठा असतो.

अमेरिकेतील जुने भूमापन नकाशे हाताळणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. तेथे भूमापनासाठी १९५९ नंतरही एक वेगळा फूट चालू राहिला होता, १२०० भागिले ३९३७ मीटर एवढ्या लांबीचा, आणि तो २०२२ च्या अखेरीस अधिकृतपणे बंद झाला. नेहमीच्या फुटापेक्षा तो दहा लाखांत दोन भागांनी मोठा आहे. घराच्या आवारात हा फरक दिसतही नाही, पण शेकडो किलोमीटर दूरच्या आरंभबिंदूपासून मोजलेल्या स्थानांकांत तो मीटरभर होऊ शकतो.

क्षेत्रफळ आणि समुद्र

लांबीचे आकडे क्षेत्रफळाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. चौरस मीटरचे चौरस फूट करताना ०.३०४८ ने दोनदा भागावे लागते, म्हणून १ चौरस मीटरचे १०.७६४ चौरस फूट होतात. ५२ चौरस मीटर चटई क्षेत्राची सदनिका सुमारे ५६० चौरस फुटांची असते. सातबाऱ्यावरचा एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही सारखेच धरण्याची सवय छोट्या तुकड्याला चालून जाते, पण एका हेक्टरमागे ती एक गुंठ्याहून अधिक फरक पाडते. एक हेक्टर म्हणजे २ एकर १८.८४ गुंठे.

सागरी मैल या पायरीत कुठेच बसत नाही. तो १८५२ मीटरचा आहे आणि जमिनीवरच्या मैलापेक्षा सुमारे १५ टक्के लांब आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा प्रादेशिक समुद्र २२.२२ किलोमीटरचा होतो, आणि ते २२.२२ किलोमीटर जमिनीच्या मैलांत १३.८ भरतात. समुद्रावरचे अंतर किलोमीटरमध्ये मिळाले तर ते १.८५२ ने भागावे आणि उत्तरापुढे ‘सागरी’ हा शब्द न चुकता लिहावा. खोलीसाठी सहा फुटांची वाव धरायची असेल तर मीटरला १.८२८८ ने भागावे. ३० मीटर पाणी सुमारे १६ वाव आणि अडीच फूट भरते.